‘मच अडू अबाउट नथिंग’: ब्रानाचा की व्हीडनचा?

शेक्सपिअरचं हे नाटक वाचून झालंय, त्यावरचा सिनेमा एकच बघायचाय, तर केनेथ ब्रानाचा १९९३चा बघू की जॉस व्हीडनचा २०१२चा, असं एका मैत्रिणीने विचारलं. लांबी दोन्हींची सारखीच, दोन तासांच्या आत. संवादही दोन्हींत शेक्सपिअरचेच, थोडी काटछाट करून.

भाषा कानावर पडताक्षणी कळायला हवी असेल, तर ब्राना सरस. एमा थॉम्प्सनची बिअट्रिस, म्हणजे नाटकातली तिखट जिभेची नायिका, प्रत्येक टोमणा असा मारते, की जुना शब्द अडला तरी अर्थ पोचतो. इटलीतल्या टस्कनीचं ऊन, पॅट्रिक डॉयलचं संगीत, सगळं भरभरून. कच्चा दुवा म्हणजे डॉगबेरी हा विनोदी हवालदार: मायकेल कीटन इतका आरडाओरडा करतो, की विनोदच हरवतो.

व्हीडनने स्वतःच्या घरात, बारा दिवसांत, कृष्णधवल चित्रीकरण केलं. डॉगबेरी इथे खरा जमलाय. नेथन फिलियन तो गंभीर चेहऱ्याने करतो. बिअट्रिस आणि तिच्याशी सतत वाद घालणारा बेनेडिक पूर्वी एका रात्रीपुरते जवळ आले होते, हे सुरुवातीलाच मूकपणे दाखवल्याने त्यांच्या भांडणांना जुन्या जखमेची धार येते. मला हे फार मोलाचं वाटतं. पण सुटाबुटातल्या आजच्या माणसांनी भर लग्नात हीरो नावाच्या नवरीच्या कौमार्यावरून तिची अब्रू काढावी, हे पटवून घ्यायला जड जातं. ब्रानाच्या जुन्या काळात तो प्रसंग अंगावर येतो.

पहिल्यांदाच पाहणाऱ्यांनी, घरच्यांसोबत बसणाऱ्यांनी ब्राना घ्यावा. नाटक पाठ असलेल्यांनी, कमी पैशांत प्रयोग बसवू पाहणाऱ्यांनी व्हीडन. मैत्रिणीला मी ब्राना सुचवला.