ओरल मोटर एक्सरसाइज की थेट उच्चारांची प्रॅक्टिस?

मुलाचे उच्चार क्लिअर नाहीत म्हणून स्पीच थेरपी लावायची ठरली की दोन पद्धती समोर येतात. एकात शिट्ट्या, फुगे, स्ट्रॉ, च्युई ट्यूब (चावायची रबरी नळी), जीभ वर-खाली, गालाला मसाज, म्हणजे आधी तोंडाचे स्नायू मजबूत करू मग उच्चार सुधारतील. दुसऱ्यात जो आवाज चुकतोय त्यावरच काम. आम्ही दोन्ही केलंय, मुलगा तेव्हा पाच वर्षांचा, ऐकायची टेस्ट नॉर्मल, पण काकाला ताता म्हणायचा, गायला दाय.

ओरल मोटरमध्ये पोरं खूश असतात, रडारड नाही, हे मोठं सुख आहे. आणि ज्यांना चावायला-गिळायला त्रास आहे त्यांना त्या कामासाठी असे व्यायाम लागू शकतात, सेरेब्रल पाल्सी वगैरे असेल तर तो विषयच वेगळा, तिथे थेरपिस्ट सांगतील तसंच करा.

पण आमचा मुलगा चकली कडाकडा खायचा, ताकद कमी नव्हतीच. मला सगळ्यात जास्त खटकायला लागली ती होमवर्कची वही. पुढची शिट्टी जमली, टिक. फुगा फुगवला, टिक. जीभ वर धरली, टिक. पानंच्या पानं टिक आणि 'क'चं नावच नाही! ऑफिसवरून आल्यावर पोराचा बसायचा पेशन्स किती असणार, तो सगळा शिट्टीत जायचा आणि जेवताना परत 'ताता'. थेरपिस्ट मनापासून करत होत्या, त्याबद्दल तक्रार नाही, पण मोजत होतो ते बोलणं नव्हतंच.

बोलायला जीभ-ओठांची थोडीच ताकद लागते, खरं काम अचूक जागा आणि टायमिंगचं. कॉक्रेन (उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) च्या 2015 च्या रिव्ह्यूत उच्चारांसाठी केलेल्या ओरल मोटर व्यायामांचे फक्त 3 छोटे अभ्यास सापडले, मिळून 22 मुलं, आणि फायदा होतो असं ठाम म्हणता येईल असं काही निघालं नाही. अर्थात फायदा नाहीच असंही त्यावरून सिद्ध होत नाही.

दुसऱ्या थेरपिस्टनी आधी 'कार' आणि 'तार' नीट ऐकून ओळखायला लावलं, मग आइस्क्रीमच्या काडीने जिभेचं टोक हलकेच खाली धरून 'क' काढून घेतला. मग खेळ, समोर खेळण्यातली कार आणि तारेचा तुकडा, तो 'तार' म्हणाला की हातात तारच द्यायची. जाम चिडायचा, पण कार हवी असायची म्हणून स्वतःच थांबून परत म्हणायचा. हे कंटाळवाणं आहे, पालकांना रोज बसावं लागतं, आणि 'क' गप्पांमध्ये यायला बरेच महिने गेले. तरी 'काका' पहिल्यांदा नीट आला तो याच खेळांच्या दिवसांत.

प्रत्येक मूल वेगळं, त्यामुळे आमचंच बरोबर असं म्हणणार नाही. पण फी भरायच्या आधी एवढं विचारा की सध्या कोणता आवाज टार्गेट आहे, आणि सेशनमधला किती वेळ मूल प्रत्यक्ष बोलणार आहे. उत्तरात नुसते फुगे-शिट्ट्याच आल्या तर मी तरी दुसरीकडे विचारून बघेन.