लिंक्डइन की नौकरी डॉट कॉम? जॉब बदलायचा असेल तर वेळ कुठे घालवायचा

गणपतीत गावी गेलो होतो तेव्हा मावसभावाने विचारलं, दादा, चाकणला क्वालिटीत ४ वर्षं झाली, आता जॉब बदलायचाय, तर लिंक्डइनवर बसू की नौकरी डॉट कॉमवर? अकाउंट दोन्हीकडे होतं त्याचं, रोज रात्री शिफ्टवरून आल्यावर दहा-पंधरा ठिकाणी अप्लाय करायचा, आणि दोन महिन्यांत फोन आला एकच, तोही इन्शुरन्स विकणाऱ्याचा. त्याच्याशी जे बोललो तेच इथे लिहितोय, कारण एवढी मेहनत करून पोरं गप्प बसलेली बघवत नाही.

पहिलं म्हणजे या दोन साईट एकाच कामाच्या नाहीतच. नौकरी १९९७ पासून आहे आणि तिची खरी ताकद म्हणजे रिझ्युमेचा साठा, कंपन्यांचे एचआर आणि कन्सल्टन्सीवाले पैसे भरून त्यात सर्च मारतात, अनुभव किती, शहर कुठलं, पगार किती, नोटीस पिरियड किती असे फिल्टर लावतात आणि वर जे दिसतील त्यांना फोन करतात. म्हणजे तिथे तुम्ही किती ठिकाणी अप्लाय केलं यापेक्षा तुम्ही त्या सर्चमध्ये सापडता का हे महत्त्वाचं. लिंक्डइन २००३ मध्ये सुरू झालं आणि तिथला पाया म्हणजे ओळख, कोण कुठे काम करतं, कोण कोणाला ओळखतं. नौकरीवर लोक तुम्हाला शोधतात, लिंक्डइनवर तुम्ही माणूस शोधायचा असतो. भाऊ दोन्हीकडे फक्त अप्लायचं बटण दाबत होता, तिथेच सगळं अडलं होतं.

नौकरीचं आधी सांगतो कारण ते लवकर उरकतं. त्याच्या प्रोफाईलमध्ये की स्किल्समध्ये नुसतं 'क्वालिटी' आणि 'हार्डवर्किंग' लिहिलेलं. आता ऑटो पार्ट्सच्या कंपनीतला एचआर 'हार्डवर्किंग' टाकून कशाला सर्च करेल, तो पीपीएपी, एफएमईए, सीएमएम, सप्लायर ऑडिट असे क्वालिटीच्या कामातले नेमके शब्द टाकणार. हे सगळं तो रोज करतो पण लिहिलंच नव्हतं! जॉबच्या पाच-सहा जाहिराती उघडायच्या, त्यात कुठले शब्द पुन्हा पुन्हा येतात ते बघायचं आणि त्यातलं जे खरंच येतं ते जसंच्या तसं लिहायचं. नोटीस पिरियड खरा टाका, राजीनामा दिला असेल तर शेवटची तारीखही टाका, कारण लवकर जॉईन होणारा माणूस हवा असला की एचआर तोच फिल्टर आधी लावतात. आणि प्रोफाईलला अधूनमधून हात लावत राहा, महिनोन् महिने न उघडलेला रिझ्युमे मागे पडतो. सकाळी चहा पिताना दहा मिनिटं, बस.

लिंक्डइनला मात्र वेळ द्यावा लागतो आणि बरेच जण तिथेच कंटाळतात. ईझी अप्लाय मला स्वतःला फार कामाचं वाटत नाही, एका क्लिकवर होतं म्हणून सगळेच करतात आणि त्या ढिगात तुमचं नाव कोण बघणार. त्यापेक्षा आपल्या कॉलेजच्या पेजवर जा, तिथे अल्युम्नाय म्हणजे माजी विद्यार्थ्यांचा भाग असतो, त्यात कोण कुठल्या कंपनीत आहे आणि कुठल्या शहरात आहे ते गाळून बघता येतं. भावाच्या पॉलिटेक्निकचे किती तरी सीनिअर पुणे, नाशिक, संभाजीनगरच्या कंपन्यांत निघाले आणि त्याला त्यातल्या एकाचाही पत्ता नव्हता. कंपनीतल्या माणसाने आतून नाव दिलं की सीव्ही निदान उघडून तरी बघितला जातो, आणि बऱ्याच कंपन्या अशा रेफरलसाठी कर्मचाऱ्याला बोनस पण देतात, म्हणजे आपण भीक मागतोय असं वाटून घ्यायचं कारण नाही.

पण मेसेज नीट पाहिजे. 'सर प्लीज जॉब असेल तर सांगा' याला उत्तर देणं अवघड असतं कारण समोरच्याने नक्की करायचं काय? आम्ही दोघांनी बसून असा लिहिला: 'नमस्कार सर, मी आपल्याच पॉलिटेक्निकचा, मेकॅनिकल. ४ वर्षं चाकणला इनकमिंग आणि सप्लायर क्वालिटी बघतोय. तुमच्या कंपनीत सप्लायर क्वालिटीची जागा निघालीये, लिंक खाली देतोय. माझा अनुभव तिथे बसतो का एवढं सांगाल का?' माणूस मराठी असेल तर बिनधास्त मराठीत लिहा. फ्री अकाउंटवर इनव्हाईटसोबत नोट महिन्याला मोजक्याच पाठवता येतात, त्या जपून वापरा. कनेक्शन झालं की पुढचे मेसेज फुकटच आहेत, त्यामुळे प्रीमियमचे पैसे लगेच भरू नका.

लिंक्डइनवर नावाखाली जी ओळ दिसते त्या हेडलाईनला २२० अक्षरं मिळतात, तिथे 'सीकिंग अपॉर्च्युनिटी' लिहून जागा घालवू नका, काम लिहा. फोटोभोवतीची ओपन टू वर्कची, म्हणजे नोकरी शोधतोय सांगणारी, हिरवी रिंग सगळ्यांना दिसते, बॉसलाही. फक्त रिक्रूटरला दिसेल असा पर्याय आहे, पण आपल्या कंपनीला शंभर टक्के कळणार नाही अशी खात्री लिंक्डइन देत नाही. नौकरीवर आपली कंपनी ब्लॉक करता येते, ते आधी करून टाका.

फ्रेशर असाल तर नौकरीवर फोनची वाट बघत बसू नका, अनुभवाचा फिल्टर लागला की तुम्ही दिसतच नाही, तुमचा जास्त वेळ सीनिअर शोधण्यात जाऊ दे. २ ते ८ वर्षं अनुभव असेल तर नौकरी आधी नीट करा, फोन तिथूनच जास्त येतील. त्याच्या वर, मॅनेजर लेव्हलला, मी लिंक्डइनच म्हणेन.

आणि पैसे. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, लॅपटॉपचं डिपॉझिट, कशाच्याही नावाखाली जॉबसाठी पैसे मागितले की फोन ठेवा. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचे असेच ८ हजार गेले, बिचारीने घरी सांगितलंसुद्धा नाही. गेलेच तर लाजू नका, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला लगेच फोन करा, जितका उशीर तितके ते पैसे पुढे सरकत जातात.

भावाने ६ सीनिअरना मेसेज टाकले. चौघांनी अजून बघितलेलाच नाही, एकाने सध्या हायरिंग बंद आहे म्हणून प्रामाणिकपणे कळवलं. सहाव्याचं उत्तर नवव्या दिवशी आलं, 'सीव्ही पाठव, सोमवारी एचआरला देतो. आणि आपले मशीन शॉपचे सर अजून आहेत का रे?'