हेड गॅस्केटच्या नावाखाली ४७,६०० उकळले, टर्बो गाडीवाल्यांनो सावध राहा

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील. बिल असं: गॅस्केट सेट ११,८००, हेड फेसिंग (हेडचा पृष्ठभाग मशीनवर सपाट करणं) ६,५००, हेड बोल्ट-कूलंट-ऑइल ७,३००, लेबर २२,०००. एकूण ४७,६०० रुपये, आणि हेड खोललंच नव्हतं!

गाडी टर्बो डिझेल. कूलंट कमी व्हायचं, खाली एक थेंब नाही, सकाळी स्टार्टला पांढरा धूर. गॅरेजवाला म्हणाला टर्बोच्या बूस्टमुळे (जादा हवेच्या दाबामुळे) सिलिंडरचं प्रेशर वाढतं, गॅस्केट गेलंय, अशीच घाटात नेली तर इंजिन सीझ. टर्बोत गॅस्केट जातं हे खरंच आहे, म्हणून तर पटलं. मग ऑइलच्या झाकणाखालचा पांढरा फेस दाखवला. तिथंच, अगदी तिथंच कळायला हवं होतं, कारण डिपस्टिक (ऑइल तपासायची पट्टी) त्याने काढलीच नाही! पावसाळ्यात गाडी जवळजवळच फिरली की इंजिन पुरतं तापत नाही, झाकणाला ओल धरते आणि फेस येतो. डिपस्टिक मी नंतर बघितली, ऑइल स्वच्छ, त्यात कूलंट मिसळलेलं नव्हतं, पण तोवर २५,००० ॲडव्हान्स गेला होता. मेकॅनिक झाकण हातात धरून घाबरवतोय, अशा वेळी कोणाला सुचतं?

पुढच्याच महिन्यात कूलंट परत कमी. दुसऱ्या मेकॅनिकने थंड इंजिनवर पंपाने कूलिंग सिस्टीमला प्रेशर दिलं, इजीआरचा (एक्झॉस्टचा थोडा गॅस परत इंजिनात नेणारी यंत्रणा) पाइप काढला तर आत ओलं. इजीआर कूलर आतून लीक, कूलंट सरळ एक्झॉस्टला, म्हणून धूर. हेडवरच्या व्हॉल्व्ह कव्हरचा कंपनीचा सीलंट जसाच्या तसा, बोल्टवर जुनी धूळ, म्हणजे हेड खोललंच नव्हतं. कूलरचे १४,२०० वेगळे गेले.

जुनं गॅस्केट आणि फेसिंगवाल्याची पावती हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. मला म्हणे भंगारात गेलं.

चौकीत गेलो तर "हा दिवाणी मामला आहे." बिल कच्चं, मग पक्कं आणा. अहो ज्याने लुटलं तो पक्कं बिल देईल का? परत गेलो तर साहेब राउंडला. अर्जाची साधी पोच देईनात, वर मलाच विचारतात, आधी चौकशी का नाही केली? मग तुम्ही कशाला बसलाय? गॅरेजवाला बिनधास्त, त्याला माहितीये कोणी येणार नाही.

हेड खोलायच्या आधी कूलिंग सिस्टीमची प्रेशर टेस्ट आणि कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब तपासणं) समोर उभं राहून करून घ्या, टाळाटाळ केली तर गाडी उचला. थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात रेडिएटरचा वरचा होज टणक झाला तर गॅस्केटचा संशय बळावतो, माझा मऊच होता. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं, ५ लाखांपर्यंत फी नाही. मी जातोय, सीलंटचे फोटो आहेत आणि दुसरा मेकॅनिक लेखी द्यायला तयार आहे.