नवं .३२ पिस्तूल: पकड उत्तम, पण आधी ग्रीस काढा

हातात छान बसतं, जुळणी घट्ट आहे, किमतीच्या मानाने घडणही चांगली. तक्रार एकच: सुरुवातीला अधूनमधून काडतूस उडत नाही.

नुसतं 'खट्' झालं तर नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबा. बार कधी कधी उशिरा पेटतो, इथे घाई जिवावर बेतू शकते. मग मॅगझिन काढा, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढून काडतूस बाहेर घ्या आणि त्याचं बूड उजेडात धरा. प्रायमरवर (बुडातली ठिणगी पाडणारी छोटी टोपी) मधोमध खोल खळगा असेल तर दोष बहुधा काडतुसाचा. दुसऱ्या लॉटची काडतुसं वापरून बघा. नुसता उथळ ठिपका असेल तर फायरिंग पिनचा, म्हणजे प्रायमरवर आपटणाऱ्या सुईचा, फटका कमी पडतोय.

नव्या पिस्तुलात पहिला संशय कारखान्यातल्या गंजरोधक ग्रीसवर घ्यावा. ते पिनच्या भोकात साचतं, त्यात सोलापूरची धूळ मिसळली की चिकट लगदा होतो आणि पिनची चाल मंदावते. हे भोक साफ करून कोरडंच ठेवायचं, तेलाचा थेंबही नको. तेल फक्त स्लाइडच्या खाचांत, एकेक थेंब. चेंबरही (नळीत काडतूस बसतं ती जागा) पुसा, तिथल्या घाणीने स्लाइड केसभर मागे राहिली तरी फटका वाया जातो.

एवढं करूनही ठिपका उथळच राहिला, तर हॅमरची (पिनवर आपटणारा घोडा) स्प्रिंग परवानाधारक कारागिराकडूनच तपासून घ्या. ट्रिगर हलका करायला स्प्रिंग कापून देणाऱ्याकडे मात्र अजिबात जाऊ नका, त्याने हाच दोष वाढतो.