दोन उंचीचा ओटा, झोपाळा आणि चोकडी: मांजलपूरच्या फ्लॅटमधले १४ महिने

गेल्या वर्षी गुढीपाडव्याला आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारातलं जुनं घर सोडून मांजलपूरला फ्लॅटमध्ये राहायला आलो. दोन उन्हाळे, एक पावसाळा आणि एक गौरी-गणपती या घरात झाले. आता इंटिरियरबद्दल खात्रीनं लिहिता येईल. घरात आम्ही चौघं: ७६ वर्षांच्या सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते), नोकरी करणारे आम्ही दोघं आणि नववीतला मुलगा.

काम सुरू व्हायच्या आधी मी आठ दिवस एका वहीत टिपणं केली होती. कोण कुठे बसतं, काय कुठे टाकतं, कशासाठी वाकावं लागतं, सकाळी सात ते आठ कोण कोणाच्या पायात येतं. या वहीतून जे जे बनवलं ते आज रोज वापरात आहे. फोनवरची चित्रं बघून जे घेतलं, त्यातलं बरंचसं नकोसं झालं आहे.

सगळ्यात आधी ओटा. आई चार फूट दहा इंच, मी पाच फूट पाच. ओट्याची उंची कोपरापेक्षा चार-पाच इंच खाली असली की खांदे उचलावे लागत नाहीत आणि पाठही वाकत नाही. आमच्या दोघींची कोपरं मोजली तर एकाच उंचीत दोघींचं भागणं शक्य नव्हतं. म्हणून गॅसकडचा भाग ३२ इंच आणि खिडकीकडचा ३५ इंच केला. मला वाटलं होतं ३२ इंच आईंचा आणि ३५ माझा, पण वाटणी माणसांप्रमाणे न होता कामांप्रमाणे झाली. कणीक मळायला वरून जोर लागतो, त्यामुळे मीसुद्धा खालच्याच ओट्यावर मळते. पोळपाटाची स्वतःची दोन इंच उंची असते, म्हणून पोळ्याही तिथेच. मोठ्या पातेल्यातली आमटी ढवळताना आत नीट दिसतं. भाजी चिरणं, मिक्सर, डबे भरणं ही कामं वरच्या ओट्यावर. वर्षभरात माझं मानेचं दुखणं खरोखर कमी झालं.

तोटाही आहे. दोन उंचींच्या मध्ये ग्रॅनाइटची तीन इंचांची उभी पट्टी येते. तिच्या कोपऱ्यात पीठ साचतं, आणि जड पातेलं सरकवून नेता येत नाही, उचलावंच लागतं. आणि एक मोठी चूक झाली: सिंक खालच्या भागात घेतलं. सिंक नऊ इंच खोल, म्हणजे हात काम करतात ते २३ इंचांवर. डाळ-तांदूळ धुताना दर वेळी कंबरेत वाकावं लागतं. नवीन ओटा करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की सिंक नेहमी उंच भागात घ्या.

आमच्याकडे एप्रिलमध्ये वर्षाचा गहू भरतात. निवडून, एरंडेल चोळून (इथे दिवेल म्हणतात) पत्र्याच्या दोन कोठ्यांमध्ये ठेवतात. डिझायनरनं तारेच्या बास्केटवालं उंच कपाट काढलं होतं. दिसायला सुरेख, पण कोठी कुठे? डिझायनर मुलगी हुशार होती, तिनं वाद घातला नाही. कपाटाच्या खालच्या सव्वातीन फुटांत बास्केटही नको आणि तळाची फळीही नको असं ठरवलं. मिस्त्रीकाकांनी जाड प्लायच्या दोन पाट्यांना चाकं लावून दिली. पन्नास किलोची कोठी आता आई एका हातानं बाहेर ओढतात. या घरातलं सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी काम हेच.

तीच गोष्ट चोकडीची. वॉश एरियातली ही कठड्याची मोरी बंद करून वर काउंटर करा असं बऱ्याच जणांनी सुचवलं. मिस्त्रीकाका मात्र म्हणाले, "बेन, आ तो रोज काम लागशे" (ही तर रोज उपयोगी पडेल). खरं ठरलं. माठ घासणं, पालेभाजी धुणं, सणावाराची मोठी पातेली, हे सिंकमध्ये होत नाही.

साहित्याबाबत आम्ही फार काटेकोर राहिलो, आणि त्याला कारण होतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा दिरांचं तळमजल्यावरचं घर पाण्यात गेलं. काळाघोड्याजवळ धोक्याची पातळी २६ फूट, आणि नदी ३५ च्याही वर गेली होती. पाणी उतरल्यावर त्यांची एमडीएफची (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या पाट्यांची) दारं भिजलेल्या पावासारखी फुगली होती. सागवानी पलंग मात्र सावलीत वाळवून, पॉलिश करून पुन्हा वापरात आला. ते दृश्य डोळ्यांसमोर होतं, त्यामुळे स्वयंपाकघरात आणि वॉश एरियात आयएस ७१० या मानकाचं मरीन प्लाय, बाकी खोल्यांत आयएस ३०३ चं बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारं प्लाय. प्रत्येक शीटवरचा शिक्का मी स्वतः बघत होते. मिस्त्रीकाकांनी मरीन प्लायचा एक तुकडा तीन तास पाण्यात उकळून दाखवला, थर सुटले नाहीत. खालची कपाटं स्टीलच्या चार इंची पायांवर घेतली, त्यामुळे फरशी आतपर्यंत पुसता येते आणि वाळवी लागली तर लगेच दिसेल. इतकं करूनही पावसाळ्यात गॅसच्या वरच्या दोन दारांची एजबँड (कडेला चिकटवलेली पट्टी) वाफेनं सुटली. ती हातानं चिकटवलेली होती. मशीननं लावलेल्या एका पट्टीलाही काही झालेलं नाही.

हॉलमध्ये झोपाळा की एल आकाराचा सोफा, यावर घरात महिनाभर चर्चा झाली. हॉल ११ बाय १६ आहे, दोन्ही मावणारच नव्हतं. जुन्या घरातला संखेड्याचा, लाखेच्या रंगांचा झोपाळा आईंच्या लग्नानंतर घेतलेला. वहीत बघितलं तर दिवसातले सहा तास त्यावर कोणी ना कोणी होतं, आणि पाहुणे आठवड्यातून एकदा. सोफा रद्द झाला, दोन खुर्च्या आणि दिवाण आला. कड्यांसाठी जागा मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून ठरवली आणि आधार बीममध्ये घेतला. पुढेमागे तीन-तीन फूट मोकळे ठेवले. सकाळी आई तिथे जप करतात, मग भाजी निवडतात, दुपारी पडतात. संध्याकाळी मी बँकेतून आले की दहा मिनिटं पाय वर घेऊन तिथेच बसते. मुलगा पाठांतर झोके घेतच करतो. कड्यांमध्ये महिन्यातून एकदा तेल घालावं लागतं, एवढीच त्याची मागणी.

आता फसलेलं. फॉल्स सीलिंगमधली लपवलेली पट्टीची लाइट आठव्या महिन्यात अर्धी बंद पडली, आणि त्या खाचेत धूळ इतकी बसते की दिवाळीला शिडी लावून काढावी लागली. खर्च मोठा, उपयोग शून्य. हँडल नसलेली कपाटं तर मी पुन्हा कधीच करणार नाही: कणकेचे हात, तेलाचे हात सगळे थेट दाराच्या कडेला लागतात. चकचकीत पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकवर ते डाग आणि बारीक ओरखडे लांबून दिसतात. दिवाळीनंतर खालच्या ड्रॉवरना साधी स्टीलची हँडल लावून घेतली. पश्चिमेच्या भिंतीला गडद लॅमिनेट लावणंही चुकलं. मे महिन्यात पारा ४२ वर गेला की त्या कपाटातले कपडे हाताला गरम लागतात. बाहेरून चिकाचा (बांबूच्या काड्यांचा) पडदा सोडल्यावर बराच फरक पडला.

आईंच्या बाथरूममध्ये खरबरीत फरशी, धरायला दांडा आणि पलंगापासून दारापर्यंत पायाशी लागणारे छोटे दिवे. यावर खर्च करताना एक क्षणही विचार करू नये.

गणपतीसाठी पूर्वेच्या भिंतीवर तीन फूट उंचीवर एक प्लगपॉइंट काढून ठेवला होता, पाचही दिवस वायर कुठे लोंबकळली नाही.

पावसाळ्याआधी सिंक खिडकीकडे, ३५ इंचांवर नेतोय. मिस्त्रीकाका माप घेऊन गेले. ग्रॅनाइटवाला आणि प्लंबर मिळून दोन दिवसांचं काम आहे, तोवर सगळी भांडी चोकडीत.