जर्मनीत एका कुटुंबात वर्षभर: ओ-पेअर व्हायचं की स्वयंसेवा वर्ष करायचं?

जर्मन शिकणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींपुढे दोन वाटा नेहमी येतात. एक ओ-पेअरची, म्हणजे यजमान कुटुंबाकडे राहून त्यांची मुलं सांभाळण्याची. दुसरी बीएफडी (संघराज्याची स्वयंसेवा योजना) किंवा एफएसजे (ऐच्छिक सामाजिक वर्ष) या स्वयंसेवा वर्षाची. दोन्हींत जर्मन कुटुंबात राहता येतं, त्यामुळे वरवर त्या सारख्याच वाटतात. खरा फरक कामाच्या जागेचा आहे. ओ-पेअरला घर हेच कामाचं ठिकाण आणि यजमान हेच साहेब. स्वयंसेवकाचं काम वृद्धाश्रमात, किंडरगार्टनमध्ये किंवा अपंगांच्या संस्थेत असतं. संध्याकाळी परतला की तो घरातला एक माणूस. बाकीचे बहुतेक फरक इथूनच निघतात.

ओ-पेअरचे नियम नेमके आहेत. व्हिसाचा अर्ज करताना वय १८ पूर्ण आणि २७ च्या आत हवं, जर्मन किमान ए१ (भाषेची सगळ्यात पहिली पातळी). मुक्काम ६ ते १२ महिने, आणि तोही आयुष्यात एकदाच. महिन्याला २८० युरो हातखर्च, भाषावर्गासाठी ७० युरो, स्वतंत्र खोली, जेवण आणि विमा हे सगळं कुटुंबाकडून. विमानाचं तिकीट बहुधा आपलं आपण काढायचं. काम दिवसाला ६ आणि आठवड्याला ३० तासांपेक्षा जास्त नाही. आठवड्यात दीड दिवस आणि चार संध्याकाळी मोकळ्या, वर्षाला चार आठवडे सुट्टी.

खटके उडतात ते या ३० तासांवरून. सकाळी साडेसहाला उठून मुलांच्या डब्यात पावाचे तुकडे, चीज, गाजर भरायचं, त्यांना शाळेत सोडायचं, मग दुपारी तीनपासून पुन्हा मुलं. मधला वेळ मोकळा दिसतो आणि ‘जरा कपडे इस्त्री करशील?’ तिथेच शिरतं. रात्री ‘मुलं झोपली आहेत, तू फक्त घरात थांब’ हेही कामच, ते ३० तासांतच मोजलं जातं. म्हणून पहिल्याच आठवड्यात वेळापत्रक लिहून फ्रिजवर लावायला सांगा. यात भांडखोरपणा नाही, जर्मन घरात हे अगदी सहज चालतं. किंडरगार्टनमधून मूल आणायचं असेल तर आईवडिलांनी तुमचं नाव आधी लेखी दिलेलं हवं. नाहीतर मूल तुमच्या ताब्यात देत नाहीत.

नातेवाइकांकडे ओ-पेअर म्हणून जाता येत नाही. घरात जर्मन मातृभाषा म्हणून बोलली जात नसेल, तर यजमान मूळचे ज्या देशाचे, त्याच देशातली ओ-पेअर त्यांना ठेवता येत नाही. म्हणजे म्युनिकमधलं पुणेरी कुटुंब ही वाट बहुतेक वेळा बंदच.

स्वयंसेवा वर्षाचं गणित वेगळं. सक्तीची लष्करी भरती स्थगित झाल्यावर २०११ मध्ये बीएफडी सुरू झाली. तिला वयाची वरची मर्यादा नाही. एफएसजे मात्र २७ च्या आतल्यांसाठी. मुदत साधारण १२ महिने, काम पूर्णवेळ, म्हणजे आठवड्याला ३९-४० तासांच्या आसपास. तरुण स्वयंसेवकांना वर्षभराच्या सेवेत २५ दिवस चर्चासत्रं मिळतात आणि तिथेच बरोबरीची मित्रमंडळी जमतात. ओ-पेअरला ती स्वतः शोधावी लागतात. हातखर्च संस्था ठरवते; २०२५ मध्ये त्याची कमाल मर्यादा महिना ६४४ युरो होती, बहुतेक ठिकाणी त्याहून बराच कमी मिळतो.

राहण्याची सोय करणं संस्थेवर बंधनकारक नाही, आणि बरेच अर्ज अडकतात ते यामुळेच. ४५० युरो हातखर्च आणि वर खोलीचं भाडं, तर खर्च भागणार कसा, हे व्हिसा अधिकारी विचारणारच. यजमान कुटुंब मिळवून देणारी संस्था निवडली तर हा प्रश्न मुळातच सुटतो. फक्त खोली आणि जेवण कोण देणार, हे करारात स्पष्ट लिहून घ्या. वेल्टवेर्ट्स या जर्मन सरकारी स्वयंसेवा कार्यक्रमाच्या दक्षिण-उत्तर शाखेतून (भारतासारख्या देशांतून जर्मनीत येणाऱ्यांसाठीची शाखा) गेलात तर प्रवास, विमा, भाषावर्ग हा खर्च कार्यक्रम उचलतो. मात्र अर्ज भारतातल्या भागीदार संस्थेमार्फतच करावा लागतो.

भाषेच्या बाबतीत आमचं मत ठाम आहे: ए१ वर स्वयंसेवेला जाऊ नका. लहान मुलं तुमचं मोडकं जर्मन सांभाळून घेतात. आजींना गोळी कधी द्यायची हे परिचारिका भरभर सांगते तेव्हा बी१ (मधली पातळी) सुद्धा अपुरं वाटतं.

विम्यातला फरक फारसं कोणी सांगत नाही. ओ-पेअरचा विमा बहुधा खाजगी असतो. जुने आजार आणि दातांची मोठी कामं त्यात सहसा बसत नाहीत. दात इथेच दाखवून जा. स्वयंसेवक सरकारी आरोग्य विम्यात येतो आणि हप्ता संस्था भरते.

बिनसलं तर? ओ-पेअरचं कुटुंब सुटलं की काम आणि छप्पर एकदमच जातं. करारात सहसा दोन आठवड्यांची मुदत असते. तेवढ्यात नवं कुटुंब शोधून परकीय नागरिक कार्यालयाला कळवायचं. स्वयंसेवकाचं घर बदललं तरी काम सुरू राहतं, आणि मध्यस्थीला संस्थेचा माणूस असतो. म्हणून बी१ झालं असेल आणि पुढे नर्सिंगची आउसबिल्डुंग (व्यावसायिक प्रशिक्षण) करायची असेल, तर यजमान कुटुंबासह बीएफडीच घ्या. वय २५-२६, जर्मन ए१-ए२ आणि मुलांची मनापासून आवड असेल तर आधी ओ-पेअर, नंतर स्वयंसेवा हा क्रम बरा. त्यासाठी निवास परवाना मात्र नव्याने लागतो.

मध्यस्थ लाखांत पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. जर्मनीतल्या संस्थेला ओ-पेअरकडून जास्तीत जास्त १५० युरो घेता येतात.

कोणतीही वाट धरा, व्हिडिओ कॉलवर स्वयंपाकघराबद्दल नक्की विचारा. रात्रीचं जेवण सहा-साडेसहाला आणि बहुधा थंड: पाव, चीज, काकडी, मांसाचे काप. तुम्ही शाकाहारी असाल तर अंडं चालतं का, हेही स्पष्ट सांगा. बैठकीलाच जोडलेल्या स्वयंपाकघरात मोहरी-हिंगाची फोडणी दिली की वास सोफ्यापर्यंत जातो, तेव्हा आठवड्यातून किती वेळा आणि कुठल्या वेळी स्वयंपाक केलेला चालेल, हे जाण्याआधीच ठरवून घ्या.