साठ महिन्यांची अट आणि आमची शर्वरी: एईआरसीच्या सदस्यत्वाविषयी

फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही उत्तर कॅलिफोर्नियात शर्वरी ही अरबी घोडी विकत घेतली, तेव्हा विकणाऱ्याने ती पाच वर्षांची झाल्याचे सांगितले होते. तिचा जन्म २० मे २०१९ चा. शर्यतीच्या घोड्यांचे वय १ जानेवारीला सरसकट एकाने वाढते, आणि महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर ज्याने शर्यती पाहिल्या आहेत त्याला हा हिशोब अंगवळणी पडलेला असतो. तो मलाही चुकीचा वाटला नाही. लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीच्या स्पर्धांना, म्हणजे राइड्सना, नियम घालून देणाऱ्या अमेरिकन एन्ड्युरन्स राइड कॉन्फरन्सचे, म्हणजे एईआरसीचे, सदस्यत्व घेऊन नियमावली वाचली तेव्हा लक्षात आले की ही संस्था वय महिन्यांत आणि प्रत्यक्ष जन्मतारखेपासून मोजते. आमची घोडी पाच वर्षांची नव्हती, ५६ महिन्यांची होती.

एईआरसीची स्थापना १९७२ ची, कार्यालय कॅलिफोर्नियातील ऑबर्न या गावात. तिच्या नियमानुसार ५० मैल, म्हणजे सुमारे ८० किलोमीटर, किंवा त्याहून लांबच्या राइडमध्ये उतरण्यासाठी घोड्याचे वय किमान ६० महिने असावे लागते. २५ ते ३५ मैलांच्या ‘लिमिटेड डिस्टन्स’ राइडसाठी ४८ महिने पुरतात. ही अट कागदोपत्री औपचारिकता नाही. घोड्याच्या पुढच्या पायाच्या गुडघ्यावरील हाडाची वाढ साधारण अडीच वर्षांत पूर्ण होते, परंतु पाठीच्या मणक्यांची वाढ पाचव्या वर्षानंतरही चालू राहू शकते, आणि खोगीर व स्वार यांचे ओझे पडते ते नेमके पाठीवरच. चार वर्षांची घोडी उंचीने पुरी दिसते, चालीत जोम असतो, त्यामुळे मालकाला ती तयार वाटते. दिसण्यावर विसंबणाऱ्या आमच्यासारख्या नवख्या मालकांना रोखण्याचे काम ही अट करते, आणि केवळ त्यासाठीही मला हे सदस्यत्व मोलाचे वाटते.

तरुण घोड्याच्या दृष्टीने या संस्थेने देऊ केलेली सर्वांत उत्तम गोष्ट म्हणजे लिमिटेड डिस्टन्स. त्यात अंतिम रेषा ओलांडली म्हणून राइड संपत नाही. घोड्याची नाडी मिनिटाला ६० ठोक्यांवर येईल त्या क्षणी तुमची वेळ नोंदवली जाते, आणि ती अर्ध्या तासात तिथवर आली नाही तर राइड पूर्ण धरली जात नाही. मार्च २०२४ मध्ये आमच्या पहिल्या २५ मैलांच्या राइडमध्ये शर्वरी ७२ ठोक्यांवर आत आली आणि ६० वर यायला तिला अकरा मिनिटे लागली. त्या अकरा मिनिटांत आमच्या मागून आलेले चार जण आमच्या पुढे गेले, कारण त्यांनी शेवटचा मैल घोड्यावरून उतरून पायी चालत काढला होता. शेवटच्या मैलात भरधाव सोडण्याचा मोह या एका नियमाने मुळातूनच निरर्थक केला आहे, आणि कोवळ्या घोड्याला याहून चांगली पहिली शिकवण मला सुचत नाही.

पशुवैद्यकीय तपासणीही मनापासून केली जाते. हिरड्या दाबून रंग परतायला किती वेळ लागतो ते पाहतात, कातडीची चिमूट घेतात, पोटाच्या चारही बाजूंना आतड्यांचा आवाज ऐकतात. मग घोड्याला १२५ फूट जाऊन तेवढेच परत असे दुडक्या चालीने पळवतात आणि त्याआधीची व एका मिनिटानंतरची नाडी ताडून बघतात. दुसरा आकडा चढलेला असला तर थकवा आत कुठेतरी मुरलेला आहे असे समजावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आमच्या पहिल्या ५० मैलांच्या राइडमध्ये दुसऱ्या तपासणीला शर्वरीची नाडी उत्तम होती, पण दुडकीत डावा पुढचा पाय किंचित राखला जात होता. मला तो दिसलाही नव्हता. डॉक्टरांनी तिला तिथेच थांबवले, आणि कारणही शांतपणे समजावून सांगितले. चार दिवसांत ती सरळ चालू लागली.

उणीव आहे ती पुढच्या पायऱ्यांची. साठ महिने भरलेल्या घोड्याला एकही छोटी राइड न करता थेट १०० मैलांत उतरवायला सर्वसाधारण नियम आडवा येत नाही. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाची, म्हणजे एफईआयची, पद्धत वेगळी आहे: आधी ताशी १६ किलोमीटरच्या मर्यादेत नवशिक्या राइड्स पूर्ण करायच्या, मग ताऱ्यांनी ओळखल्या जाणाऱ्या चढत्या पातळ्या, एक तारा घोड्याच्या वयाच्या सहा वर्षांपासून, दोन तारे सात, तीन तारे आठ वर्षांपासून. ही शिडी मला अधिक न्याय्य वाटते, कारण वय हाडांविषयी सांगते; दमसासाविषयी आणि घोड्याच्या मनाविषयी मात्र पूर्ण केलेल्या राइड्सच सांगतात. एईआरसीने किमान १०० मैलांसाठी तरी ५० मैलांच्या दोन पूर्ण राइड्सची अट घालावी, असे मला आग्रहाने वाटते.

हे काम काही आयोजक आपल्या पातळीवर करतात. ऑबर्नला संपणारी, १९५५ पासून चालत आलेली १०० मैलांची टेव्हिस कप ही राइड घोड्यासाठी ७२ महिने आणि स्वारासाठी आधीच्या ३०० मैलांचा अनुभव मागते. शर्वरीचे ७२ महिने मे २०२५ मध्ये भरले. त्या वर्षी आम्ही अर्ज केला नाही. तिच्या खात्यावर तेव्हा ५० मैलांची एकच पूर्ण राइड होती, आणि ती शिडी आम्ही घरीच आखून घेतली आहे.